व्हाउचरवरची सही आणि दाखल्यावरचा धर्म

प्रश्न : ऐरोलीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी खजिनदार आहे. संस्थेची एक फाइल शासकीय कार्यालयात बरेच महिने अडकली होती. समितीतील काही जणांनी परस्पर पैसे दिले आणि ती हलली. आता ती रक्कम पाण्याच्या टाकीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च म्हणून दाखवायची असे ठरले असून ओळखीच्या ठेकेदाराचे बिलही तयार आहे. व्हाउचरवर सही माझी लागते. कोणी एक रुपया खिशात घातलेला नाही, सगळे सोसायटीच्या भल्यासाठीच झाले, असे सहकारी म्हणतात आणि मी अडून बसलो की ‘मोठा धर्मात्मा लागून गेला’ हेही ऐकवतात. मी सही करावी का?

उत्तर : करू नये. एवढे एका वाक्यात सांगता येते. पण सही नाकारल्यावरही तुम्हाला त्याच जिन्याने ये-जा करायची आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

त्या बिलाचा पुढचा प्रवास पाहा. न केलेल्या कामाच्या बिलावर ठेकेदार सही करील आणि रक्कम पाच हजारांच्या वर असल्याने पावतीला एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्पही लावील. त्याखाली तुमची सही पडेल, तुमच्या सहीवर भरवसा ठेवून लेखापरीक्षक अहवाल देईल आणि वार्षिक सभेत हात वर करून हिशेब मंजूर होईल. ज्यांना यातले काहीच ठाऊक नाही अशा माणसांच्या संमतीने ते खोटे पक्के होईल. दोन वर्षांनी टाकी गळू लागली, तर नवी समिती फाइल उघडील, वॉटरप्रूफिंग नुकतेच झाल्याचे वाचील आणि खरी दुरुस्ती पुढे ढकलील. ‘आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको’ ही बायबलमधली आज्ञा (निर्गम 20:16) मुळात न्यायसभेतल्या साक्षीसंबंधी आहे, कारण खोट्या साक्षीने दुसऱ्याचा हक्क बुडतो. तुमच्या बाबतीत तो शेजारी वरच्या आणि खालच्या मजल्यावरच राहतो.

ठाण्यात मासुंदा तलावाजवळ ज्याच्या नावाचे पोर्तुगीज काळापासूनचे चर्च आहे, त्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई ‘आम्ही काय करावे’ असे विचारायला आले होते. (24 जूनला त्याचा सण आपण हौसेने करतो, त्याने त्यांना दिलेल्या उत्तरावर प्रवचन मात्र क्वचितच ऐकू येते.) त्याने कोणालाही पद सोडायला सांगितले नाही. ठरवून दिल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, असे त्याने जकातदारांना सांगितले. धाकदपटशाने किंवा खोटे आळ घेऊन कोणाचे काही काढू नका आणि आपल्या पगारात समाधान माना, असे शिपायांना सांगितले (लूक 3:12-14). म्हणून खजिनदारपदाचा राजीनामा देऊन सुटका करून घेण्याचा विचार मनात असेल, तर तो तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही गेलात तर सही करणारा दुसरा कोणी त्याच दिवशी मिळेल.

पैसे दिले नसते तर फाइल तशीच पडून राहिली असती, हा सहकाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. येशूचा प्रेषित पौल याचेही प्रकरण असेच अडकले होते. रोमी सुभेदार फेलिक्स त्याला पुन्हा पुन्हा बोलावून घेई, कारण पौलाकडून पैसे मिळतील अशी त्याला आशा होती; पौलाने ते दिले नाहीत आणि दोन वर्षे तो कैदेत राहिला (प्रेषितांची कृत्ये 24:26-27). पण तो हातावर हात ठेवून बसला नाही. पुढच्या सुभेदारापुढे उभा राहताच त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली, रोमी नागरिक म्हणून असलेला कायदेशीर मार्ग वापरला. आपल्याकडेही असे मार्ग आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते आणि ती टळली की अपील करता येते. माहिती अधिकारात अर्जाला साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. हे मार्ग वेळखाऊ आहेत आणि कधी कधी निष्फळही ठरतात, हे मान्य करूनच मी ते सुचवतो आहे.

तुमच्या प्रकरणात पैसे आधीच गेले आहेत. 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लाच देणाराही सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र ठरतो. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच संरक्षण मिळते. तेव्हा एखाद्या वकिलाचा सल्ला आधी घ्या. सहकाऱ्यांशी वागण्याचा क्रम येशूने घालून दिलेला आहे (मत्तय 18:15-17): आधी एकट्याला गाठून बोलावे, मग एक-दोघांना बरोबर घेऊन, आणि त्यानंतरच सर्वांपुढे. अध्यक्षांना एकटे भेटा. ज्यांनी परस्पर निर्णय घेतला त्यांनी तो खर्च संस्थेच्या माथी मारू नये, असे सांगा. ऐकले नाही तर समितीच्या बैठकीत तुमचा नकार इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. तरीही ते बिल पुढे रेटले गेले, तर ज्यांचा पैसा आहे त्या सभासदांपुढे ही गोष्ट मांडणे तुम्हाला टाळता येणार नाही.

प्रश्न : आजोबांचा बाप्तिस्मा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात झाला. आम्ही कळव्यात राहतो आणि दर रविवारी उपासनेला जातो, पण कागदोपत्री हिंदू आणि अनुसूचित जातीचे आहोत. त्याच दाखल्यावर मुलाच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचा अर्ज भरायचा आहे. आमच्या चर्चचे पाळक (धर्मगुरू) म्हणतात, हे येशूला नाकारणे आहे. पण जात आम्हाला चर्चमध्येही चुकलेली नाही.

उत्तर : तुमचे शेवटचे वाक्य तुमच्या पाळकांनी दोनदा वाचावे, असे मला वाटते.

अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या आदेशात हा दर्जा फक्त हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. एकाच वस्तीतला, एकाच जातीचा शेजारी बौद्ध झाला तर त्याचा हक्क टिकतो आणि तुमच्या आजोबांचा बाप्तिस्म्याने गेला. मला हा अन्याय वाटतो. त्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात दीर्घकाळ पडून आहेत आणि हा प्रश्न तपासण्यासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली 2022 मध्ये आयोगही नेमला गेला.

तरीही या दाखल्यावर अर्ज भरू नका, असेच मी सांगेन. 26 नोव्हेंबर 2024 रोजी पुदुच्चेरीतील एका ख्रिस्ती महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचे सांगणे ही संविधानाशी फसवणूक आहे, असे म्हटले. महाराष्ट्राच्या जात पडताळणी कायद्याखाली खोट्या दाखल्यावर मिळवलेला प्रवेशच नव्हे, तर पदवीही रद्द होऊ शकते आणि शिक्षाही होते. हा धोका तुमच्या नव्हे, मुलाच्या आयुष्यावर येणार आहे. म्हणून निर्णयात त्याला सामील करून घ्या.

पाळकांचा शब्द मला कठोर वाटतो. येशूचा शिष्य पेत्र याने शेकोटीपाशी त्याला तीनदा नाकारले ते जिवाच्या भीतीने. येशूने नंतर त्याला दोष न देता तीनदा प्रेमाविषयी विचारले आणि काम सोपवले. तुमच्या घरानेही भीतीपोटी आणि गरजेपोटीच कागद तसे ठेवले असतील. नाकारणे हा शब्द उच्चारणाऱ्या चर्चच्या मंडळीने मुलाच्या फीची सोय कशी करायची, याचाही विचार त्याच वेळी करावा. ख्रिस्ती समाज 1993 पासून अधिसूचित अल्पसंख्याक आहे. त्या नात्याने मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या आणि ख्रिस्ती अल्पसंख्याक महाविद्यालयांतील जागा यांची चौकशी आजपासूनच करा. धर्मांतरित मागासवर्गीयांसाठी राज्याच्या कोणत्या सवलती लागू होतात, तेही समाजकल्याण कार्यालयातून लेखी विचारून घ्या.

प्रश्न : महापालिका निवडणुकीच्या तोंडावर एका उमेदवाराने आमच्या कोपरखैरणेच्या चर्च मंडळीच्या सभागृहासाठी पंख्यांची देणगी देऊ केली आहे. मोबदल्यात त्याने काहीही मागितलेले नाही. घ्यावी का?

उत्तर : या वेळेला नको. मागितले नाही तरी रविवारच्या उपासनेला येणाऱ्या प्रत्येकाला ते पंखे कोणाचे हे कळणारच आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेली वर्गणी पौलाने एकट्याच्या हाती ठेवली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली, कारण प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही व्यवहार चोख दिसावा अशी त्याची इच्छा होती (2 करिंथ 8:18-21). त्या गृहस्थांना आभार मानून कळवा की निकाल लागल्यावर, ते जिंकोत वा हरोत, देण्याची इच्छा कायम असेल तर मंडळीच्या नावे चेक द्यावा, रीतसर पावती मिळेल.