ड्रुइड आणि द्रविड: सोयरिक चुकीच्या घरी

प्रश्न असा आला आहे: "'केल्ट' लिहावं की 'सेल्ट'? आणि त्यांचे ड्रुइड म्हणजे आपले द्रविडच ना?"

केल्ट म्हणजे प्राचीन युरोपातले लोक, आणि ड्रुइड त्यांचे पुरोहित-पंडित. पहिल्याचं उत्तर सरळ आहे. केल्ट. ग्रीकांनी 'केल्टोई' म्हटलं, रोमनांच्या 'केल्टाए'तही 'क'च होता. 'सेल्ट' हा फ्रेंचच्या वाटेने आलेला उच्चार. ग्लासगोच्या 'सेल्टिक' या फुटबॉल संघाला तो लावावा, इतरांना नको.

दुसरं मात्र ऐकून ऐकून कान किटले आहेत. दोन शब्द कानाला सारखे लागले की लगेच सोयरिक! 'द्रविड'चं पालीतलं रूप 'दमिळ'. त्यात 'र' संस्कृतात येताना शिरला. 'ड्रुइड'मधला 'र' मुळातलाच. त्याची फोड द्रु + विद्. हा 'विद्' आपल्या वेदातला, विद्येतला, विद्वानातला. खरं नातं हे, आणि ते हाताशी असताना लोक द्रविडांना कशाला वेठीस धरतात?

भांडण आहे ते 'द्रु'वर. रोमन लेखक प्लिनीने ग्रीक 'द्रूस', म्हणजे ओक वृक्ष, याच्याशी तो जोडला आणि तेव्हापासून 'ओक जाणणारा' हा अर्थ जो तो गिरवतो. मला तो मुळीच मान्य नाही. गॉलमधल्या, म्हणजे केल्टांच्या प्राचीन फ्रान्समधल्या, शब्दाचा अर्थ ग्रीकांना काय म्हणून विचारायचा? 'द्रु' म्हणजे लाकूड खरंच, दारु आणि देवदार त्यातलेच. पण लाकडाचा गुण कठीणपणा. 'दारुण'चा जुना अर्थ 'कठीण' हाच. तेव्हा द्रुविद् म्हणजे ज्याचं जाणणं पक्कं, तो. आधुनिक भाषाशास्त्रज्ञांतही या बाजूचे लोक आहेत.

शिवाय ओक ओळखायला 20 वर्षं लागतात का? सीझर सांगतो की काही शिष्य 20 वर्षं शिकत, आणि सगळं तोंडपाठ, कारण ही विद्या लिहिणं त्यांना निषिद्ध वाटे. विषय कोणते? तारे आणि त्यांची गती, जगाचा आणि भूप्रदेशांचा विस्तार. गॉलचे लोक काळ दिवसांनी नव्हे, रात्रींनी मोजत.

आणि कोलिन्यीचं पंचांग बघा. पूर्व फ्रान्समध्ये 1897 साली सापडलेला काशाचा पत्रा, तुकडे तुकडे झालेला, अक्षरं रोमन पण भाषा गॉलची. 5 वर्षांचे 62 महिने, त्यात 2 अधिक. म्हणजे दर अडीच वर्षांनी अधिक महिना! प्रत्येक दिवसाशेजारी खुंटी खोचायला एक भोक. पंधरा दिवस झाले की मध्ये 'आतेनूक्स' हा शब्द, आणि मोजणी पुन्हा एकपासून, आपल्या शुद्ध-वद्यासारखी.

मला सगळ्यात आवडतो तो महिन्यावरचा शेरा. 30 दिवसांच्या महिन्यांवर बहुधा 'मात्', म्हणजे चांगला. 29 दिवसांच्यांवर 'अन्मात्'. हा 'अन्' ओळखलात ना? अनर्थ, अनादर, अनुचित यांतला तोच.