वाचकांचे प्रश्न : जेवणाचे इन्सुलिन बदलताना

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा, टाइप १ मधुमेह. रात्री ग्लार्जिन (दिवसभर संथ चालणारे इन्सुलिन) आणि तिन्ही जेवणांआधी रेग्युलर (जेवणाचे साधे इन्सुलिन), बाटलीतून सिरिंजने. आता डॉक्टरांनी रेग्युलर बंद करून फास्टर अस्पार्ट या वेगवान इन्सुलिनचे पेन लिहून दिले. युनिट तेवढेच ठेवायला सांगितले, मग फरक काय? शाळेत अकराच्या सुट्टीत तो चिवडा-बिस्किटे खातो. (एक पालक, जिंतूर)

उत्तर : युनिट तेच राहिले तरी वेळ सगळी बदलते. रेग्युलर अर्ध्या तासाने कामाला लागते, दोन ते चार तासांत जोरावर येते आणि सहा-आठ तास रेंगाळते. फास्टर अस्पार्टमध्ये निकोटिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचाच एक प्रकार, घातलेले असते. त्यामुळे ते टोचल्यावर साधारण ४ मिनिटांत रक्तात दिसू लागते आणि तीन ते पाच तासांत आवरते. म्हणून ताट वाढून समोर आल्यावरच टोचायचे. पहिल्या घासाआधी फार तर २ मिनिटे, किंवा जेवायला बसल्यापासून २० मिनिटांच्या आत. अर्धा तास आधी टोचायची जुनी सवय इथे घातक ठरते. भाकरी तव्यावर असतानाच रक्तातली साखर ७० च्या खाली जाईल.

दुसरी गोष्ट अकराच्या खाऊची. सकाळी आठचे रेग्युलर अकरापर्यंत काम करत होते, म्हणून चिवडा खपून जायचा. किंबहुना तो खाल्ला नसता तर साखर उतरली असती. आता अकरापर्यंत नाश्त्याच्या डोसचा जोर ओसरलेला असेल. म्हणजे चिवड्यासाठी वेगळा छोटा डोस तरी हवा, नाहीतर मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांवर भागवायचे. तसेच रात्रीचे. जेवणाआधीच्या रेग्युलरचा शेवटचा भाग मध्यरात्रीपर्यंत ग्लार्जिनला हातभार लावत होता. झोपताना साखर बरी आणि पहाटे मात्र चढलेली, असे सलग तीन-चार दिवस दिसले तर ग्लार्जिनचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या. जेवणाचा डोस वाढवून हे सुटत नाही.

पहिले दोन आठवडे जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी आणि झोपताना मोजा. काही रात्री दोन-तीन वाजताही मोजा. दोन तासांनी २४० दिसले म्हणून लगेच पुन्हा टोचू नका, आधीचा डोस अजून संपलेला नसतो. दोन डोस एकावर एक चढले की तासाभरात मूल घामाघूम होते. जादाचा डोस आधीच्या डोसानंतर चार तासांच्या आत नको.

आता सर्वांत धोक्याची चूक. तुमची रेग्युलरची बाटली बहुतेक ४० ची असेल, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट, आणि सिरिंज लाल टोपणाची. पेनमधले इन्सुलिन १०० चे असते. पेन अडकले म्हणून कोणी लाल टोपणाच्या सिरिंजने त्यातले इन्सुलिन ओढले, तर ८ च्या खुणेपर्यंत २० युनिट भरतात. अडीचपट! नवे पेन सुरू झाल्या दिवशीच लाल टोपणाच्या सिरिंजा वेगळ्या डब्यात ठेवा, आणि अडीअडचणीला केशरी टोपणाच्या, १०० च्या सिरिंजा घरात असू द्या.

पेन वापरताना दर वेळी आधी २ युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का पाहा. टोचल्यावर बटण दाबून ठेवून मनात दहापर्यंत मोजा, मगच सुई बाहेर काढा.

प्रश्न : फास्टर अस्पार्ट सुरू होऊन दीड महिना झाला. वरण-भाताला छान चालते. पण मटण-भाकरी खाल्ली की तासाभरात ६५, हातपाय थरथरतात, आणि चार तासांनी २५०. (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : तेला-तुपाने आणि मांसाने पोट रिकामे व्हायला वेळ लागतो. इन्सुलिन आधी पोहोचते, भाकरीची साखर मागून येते. ज्वारीच्या भाकरीने साखर वाढतच नाही, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे. ती वाढते, फक्त सावकाश. अशा जेवणाला पहिल्या घासानंतर पंधरा मिनिटांनी टोचून पाहा. तेवढ्याने भागले नाही तर डोस दोन भागांत, काही ताटावर आणि काही तासा-दीड तासाने, कसा घ्यायचा हे डॉक्टरांशी ठरवा.

६५ ला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा. पेढा नको, त्यातल्या स्निग्धामुळे उशीर होतो. उसाचा रसही अशा वेळीच. एरवी वेगवान इन्सुलिनही त्याच्यामागे धापा टाकते.

पोटावर टोचण्याच्या जागी गाठी लागतात का, तेही चाचपून पाहा. गाठीत टोचलेले कधी लागू पडते, कधी नाही. मात्र गाठीची जागा सोडून नव्या जागी टोचू लागलात की तोच डोस जास्त परिणाम करतो, तेव्हा सुरुवातीला जपून.

प्रश्न : मे महिन्यात ४२ अंश आणि दुपारची लाइट नाही. पेन कुठे ठेवू? (लातूर)

उत्तर : चालू पेन ३० अंशांखाली चार आठवडे टिकते. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटे मडके, मडक्यात कोरड्या डब्यात पेन, वर ओले फडके, आणि सगळे सावलीत. आपल्याकडची कोरडी हवा इथे उपयोगी पडते, पाणी झपाट्याने उडते. आत एक थर्मामीटर ठेवा, अंदाजावर जाऊ नका. पेन मोटारसायकलच्या डिकीत नको, फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नको. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वाया गेलेले असते. फास्टर अस्पार्ट पाण्यासारखे स्वच्छ दिसते, गढूळ वाटले तर टाकून द्या.

प्रश्न : पेन मिळाले नाही तर सरकारी दवाखान्यातले रेग्युलर चालेल? (सेलू)

उत्तर : चालेल, इन्सुलिनशिवाय राहण्यापेक्षा केव्हाही बरे. डोस फोनवर विचारून घ्या, पण अर्धा तास आधी टोचायचे आणि साखर जेवणानंतर तीन-चार तासांनीही उतरू शकते हे लक्षात ठेवायचे. सिरिंज पुन्हा लाल टोपणाची, बाटलीवरचा ४० चा आकडा वाचून. ३०/७० ची, म्हणजे मिश्र इन्सुलिनची, दुधाळ बाटली मात्र यासाठी नाही. तिच्या २० युनिटांत रेग्युलर फक्त ६, बाकीचे १४ मध्यम काळ चालणारे. ग्लार्जिन कोणत्याही परिस्थितीत चालूच ठेवा, मूल उलट्या करत असले आणि काही खात नसले तरी. अशा वेळी साखर दर दोन-तीन तासांनी मोजा, लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडले की शरीरात साठणारे आम्लद्रव्य) पट्टीवर तपासा. कीटोन आले किंवा श्वास जोरजोरात चालू लागला तर थेट दवाखान्यात.