गव्हर्नर एका पक्षाचा, लेफ्टनंट गव्हर्नर दुसऱ्याचा?

प्रश्न: भाऊ, माझा मुलगा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात असतो, आता तिकडचाच नागरिक झाला. २०२५ च्या नोव्हेंबरात त्यानं गव्हर्नरला मत दिलं आणि लेफ्टनंट गव्हर्नरला वेगळं. म्हणतो, दोघं वेगळ्या पक्षांचेही येऊ शकतात. असं कसं चालते बाप्पा? आणि त्या दुसऱ्याचं काम काय?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर: ताई, मुलगा बरोबर सांगतोय. तिकडचा गव्हर्नर कामाच्या हिशेबानं आपला मुख्यमंत्रीच, फक्त त्याला आमदार नाही तर लोक थेट निवडतात. आता २०१७ ला आपल्या महापालिकेत प्रभागात अ, ब, क, ड अशी बटणं होती ना, एक या पक्षाला, दुसरं त्या पक्षाला देता येत होतं, व्हर्जिनियात तसंच. २०२५ ला गव्हर्नर म्हणून अबिगेल स्पॅनबर्गर आणि लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून गझाला हाश्मी, दोघी डेमोक्रॅटिक पक्षाच्याच निवडून आल्या. हाश्मींचा जन्म आपल्या हैदराबादचा बरं का!

काम म्हणाल तर दोन. राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचं, ४० सदस्य आहेत, २०-२० झाले की मग या एका मताला भलतीच किंमत येते. आणि दुसरं खरं मोठं, गव्हर्नरची खुर्ची रिकामी झाली की तिथे जायचं. २०२१ ला न्यूयॉर्कमध्ये अँड्र्यू कुओमोंनी राजीनामा दिला आणि लेफ्टनंट गव्हर्नर कॅथी होकल थेट गव्हर्नर झाल्या, मध्ये निवडणूक नाही काही नाही.

वेगळ्या पक्षांचे आले की काय होतं ते कॅलिफोर्नियानं पाहिलंय. तिथे गव्हर्नर राज्याबाहेर गेला की अधिकार लेफ्टनंटकडे जातात. १९७९ मध्ये डेमोक्रॅट जेरी ब्राऊन बाहेर गेले तर रिपब्लिकन माइक कर्ब यांनी तेवढ्यात एका जज्जाची नेमणूक करून टाकली, ब्राऊननी परत येऊन ती मागे घेतली, प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. लोकांच्या कामाचा यात काय फायदा, सांगा!

म्हणून मला न्यू जर्सीची पद्धत जास्त पटते. दोघांची जोडी, मत एकच. तिथे आधी हे पदच नव्हतं. २००४ ला गव्हर्नर मॅकग्रीव्हींनी राजीनामा दिला तेव्हा सिनेटचे अध्यक्ष रिचर्ड कोडी दोन्ही खुर्च्या सांभाळत होते, तेही वर्षभराहून जास्त, म्हणजे कायदा करणारा आणि राबवणारा माणूस एकच. मग लोकांनी २००५ ला मतदान करून पद तयार केलं, पहिली निवडणूक २००९ ला झाली.

आपल्याकडच्या उपमुख्यमंत्र्याशी मात्र याची गल्लत करू नका. ते पद घटनेत नाही, आणि मुख्यमंत्री गेले तर उपमुख्यमंत्री आपोआप त्या खुर्चीत बसत नाहीत, राज्यपाल ज्याच्यामागे बहुमत आहे त्याला बोलावतात.