‘विचर 3’: निर्णय घाईने घेऊ नका
‘द विचर 3: वाइल्ड हंट’ हा व्हिडिओ गेम नव्याने सुरू करणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला असा की, परिणाम आवडला नाही म्हणून जुना सेव्ह (आधी जतन केलेला टप्पा) उघडून मागे जाण्याची सवय लावून घेऊ नका. व्हेलेन या प्रदेशातल्या टेकडीच्या पोटात, झाडाच्या मुळांशी अडकलेला आत्मा गेराल्टकडे, म्हणजे आपण खेळतो त्या राक्षस-शिकाऱ्याकडे, सुटका मागतो आणि बदल्यात दलदलीतल्या अनाथ मुलांना वाचवण्याचा शब्द देतो. त्याला सोडा किंवा मारा, ती मुले, जवळचे गाव आणि ‘ब्लडी बॅरन’ या तिथल्या सरदाराचे घर यांपैकी कोणाला तरी किंमत मोजावी लागतेच, आणि ती पुष्कळ उशिरा कळते. चांगल्या-वाईटाचे गुण दाखवणारी पट्टी इथे नाही, हेच मला या गेमचे मोठेपण वाटते.

‘हार्ट्स ऑफ स्टोन’ (2015) आणि ‘ब्लड अँड वाइन’ (2016) हे मूळ गेमला जोडलेले कथा-विस्तार मेनूतून तयार पात्र घेऊन थेट सुरू करता येतात, पण तो मार्ग टाळा. अनुक्रमे पात्राच्या 32 आणि 34 पातळीच्या आसपास, आपल्याच गेराल्टसह तिथे जा; कारण ‘हार्ट्स ऑफ स्टोन’मधल्या ओल्गिएर्ड या उमरावाचा आत्मा वाचवण्यासाठी स्वतःचा पणाला लावायचा की बक्षीस घेऊन बाजूला व्हायचे, हे ठरवताना तोवर तुम्ही घडवलेला गेराल्टच उपयोगी पडतो.