खुर्ची घराएवढी का दिसते?

प्रश्न : आमच्या सागवानी खुर्चीचं थ्रीडी मॉडेल वेबसाइटवर टाकलं. पान उघडायला फार वेळ लागतो आणि मोबाइलवरून खोलीत ठेवून पाहिली तर खुर्ची घराहून मोठी दिसते. ग्राहक वैतागतात. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी माप. वेबसाइटवर थ्रीडी मॉडेल ज्या फाइलमधून जातं, त्या जीएलबी फाइलमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर. मॉडेल मिलिमीटरमध्ये काढून तसंच पाठवलं, तर ४५० मिमीची बैठक ४५० मीटरवर जाते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बैठकीची उंची ०.४५ मीटर करा, कंट्रोल-ए दाबून ‘स्केल’ पक्कं करा, मगच एक्स्पोर्ट.

वेळ बहुधा कारखान्याच्या कॅड फाइलमुळे (उत्पादनासाठी संगणकावर काढलेलं तपशीलवार आरेखन) लागतो. आतले स्क्रू, सांध्यांच्या खाचा ग्राहकाला दिसतच नाहीत, काढून टाका. टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चढवलेलं पृष्ठभागाचं चित्र, ४०९६ ऐवजी २०४८ पिक्सेलचं घेतलं की मेमरी चौथाईवर येते. मॉडेलचा आकार ज्या त्रिकोणांच्या जाळीने बनतो, तिला ड्रॅको कॉम्प्रेशन द्या, म्हणजे फाइल लहान होते. मॉडेल उतरेपर्यंत तिथे साधा फोटो दिसू द्या. आयफोनवर खोलीत ठेवून पाहण्यासाठी यूएसडीझेड (ॲपलवर चालणारा थ्रीडी प्रकार) फाइलही लागते.

सगळ्यात जास्त जपायचा तो पॉलिशचा रंग. खरी खुर्ची दिवसाउजेडी शेजारी ठेवून स्क्रीनशी ताडून पाहा. रंग फसला, तर विकलेला माल परत येतो. सुरुवात जास्त खपणाऱ्या तीन-चार वस्तूंपासूनच करा.