अचलपूर-परतवाड्याच्या इतिहासाची वेबसाइट गावातच करून घ्यावी का? आधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न असा की जुळ्या शहराच्या इतिहासाची वेबसाइट परतवाड्यातल्याच डिझायनरला द्यावी की अमरावती-नागपूरला, आणि पैसे देण्याआधी काय बघावं.

गावातच द्या. अचलपूरच्या हौज कटोरा या जुन्या वास्तूच्या फोटोखाली गाविलगड किल्ल्याचं नाव पडलं तर ते गावातल्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. फक्त डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, डिझायनरच्या नावावर घेऊ देऊ नका. नोंदणी तुमच्या किंवा मंडळाच्या नावावर, तुमच्याच ईमेलवर आणि तुमच्याच मोबाइल नंबरवर हवी. हे राहून गेलं की दोन वर्षांनी तो माणूस पुण्याला नोकरीला जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या ईमेलवर पडून राहते आणि साइट बंद होते. होस्टिंगचा, म्हणजे साइट जिथे ठेवली जाते त्या जागेचा, पासवर्डही पहिल्याच दिवशी मागून घ्या.

खरी मेहनत मजकुरात आहे. आपल्याकडे वेबसाइट करणारे बरेच जण मुळात डीटीपी आणि फ्लेक्सचं काम करणारे. जुन्या स्मरणिका श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या असतात. तो मजकूर साइटवर चिकटवला की इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो, म्हणून सोपा उपाय म्हणून पानाचा फोटोच लावला जातो. फोटोतलं अक्षर गूगलच्या शोधात सहसा येत नाही, मोबाइलवर मोठंही नीट होत नाही. सगळा मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर सारखाच दिसेल अशा अक्षरांत, हवा, हे व्यवहार ठरतानाच लिहून घ्या. फॉन्ट बदलणारं सॉफ्टवेअर वापरलं तरी रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकते: ‘पूर्व’चं ‘पूवर्’ होतं, ‘स्थिती’चं ‘स्िथती’. जुन्या फॉन्टात ही चिन्हं उच्चाराच्या क्रमाने नाही, तर दिसतात त्या क्रमाने टाइप केलेली असतात, म्हणून हे घडतं. ओळ न् ओळ वाचण्याला पर्याय नाही. अक्षरासाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट चालेल. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवायला सांगा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात.

गावाची नावं सगळी द्या: अचलपूर, एलिचपूर, इलिचपूर आणि इंग्रजी कागदांत येणारी त्यांची स्पेलिंगं. जुन्या नोंदी शोधणारा माणूस ‘अचलपूर’ टाकतच नाही.

फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून मूळ टिफ फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. साइटवर १६०० पिक्सेल रुंदीची, दोन-अडीचशे केबीची प्रत पुरते. मेळघाटात नेटवर्क कसं असतं ते तुम्हाला माहीत आहेच. फोटो काढणाऱ्याच्या निधनाला ६० वर्षं झाली नसतील तर हक्कदाराची लेखी परवानगी घ्या.

तारखांत गोंधळ फार होतो. वऱ्हाडच्या इमादशाहीची सुरुवात १४९०, अहमदनगरच्या निजामशाहीने ती संपवली १५७४ मध्ये. गाविलगड पडला १५ डिसेंबर १८०३ ला, आणि नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह झाला दोनच दिवसांनी. वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेला. मध्य प्रांताला वऱ्हाड जोडला गेला १९०३ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी. ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेच्या सालांतही असाच गोंधळ होतो: १९०३ हे यवतमाळच्या फाट्याचं साल, मूर्तिजापूर-अचलपूर मार्ग १९१३ चा. दोन्ही अरुंद, ७६२ मिलिमीटरचे, म्हणून लोक एकच साल सांगतात. ईल राजावरून एलिचपूर नाव पडल्याची परंपरा जरूर लिहा, पण ‘परंपरेनुसार’ म्हणूनच. प्रत्येक तारखेच्या बाजूला ती कुठल्या गॅझेटियरच्या (सरकारी जिल्हा-माहितीग्रंथाच्या) कुठल्या पानावरची ते हवंच. डिझायनरला त्यासाठी वेगळा रकाना ठेवायला सांगा.

शेवटचा हप्ता देण्याआधी पूर्ण साइटची आणि डेटाबेसची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याच्याकडूनच उघडून घ्या.