पुन्हा पुन्हा खोलता येईल असा लॉकनट कसा डिझाइन करावा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: शाफ्टच्या टोकाला एम३० × १.५ (३० मिमी व्यास, दर आट्याला १.५ मिमी अंतर) आटे आहेत, त्यावर नट आवळून कटरचा हब धरलेला आहे. कटर बदलायला तो नट दर आठवड्याला खोलावा लागतो. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) थोड्याच वेळा वापरल्यावर ढिला पडतो आणि नटात बाजूने ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) लावला तर शाफ्टचे आटे चेपतात. थरथरीने सुटणार नाही आणि कितीही वेळा खोलला तरी तसाच राहील, असा नट तुम्हाला स्वतः बनवायचा आहे.

माझ्या कामात असे नट बरेच झाले, आणि सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून घ्यावी असं मी सांगेन. नट फिरत असताना लॉक पूर्ण मोकळं हवं, आणि लॉक लावताना नट जागचा हलता कामा नये. नायलॉक याच्या उलट वागतो. त्याचं लॉक नट फिरतानाच घासत असतं. नायलॉनच्या कड्यात शाफ्ट पहिल्यांदा स्वतःच्या खाचा दाबून काढतो आणि पुढच्या वेळी त्याच खाचांतून जातो, म्हणून पकड दरवेळी कमी होते. शिवाय साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर त्याचा भरवसा धरू नये. तोंड चेपून लंबगोल केलेले पूर्ण धातूचे नट उष्णता सोसतात, पण तेही घासतच फिरतात. स्टेनलेसवर स्टेनलेस असेल तर आटे एकमेकांना चिकटून असे जाम होतात की नट कापूनच काढावा लागतो. या जातीच्या नटांसाठी आयएसओ २३२० हे मानक आहे, त्यात पाचव्यांदा सोडतानाचा टॉर्क मोजतात. तुमच्या पाच वेळा सव्वा महिन्यात संपतील.

आता नट मुळात सुटतो का, ते बघू. तुमच्या आट्यांचा चढ एक अंशाहूनही कमी आहे. घर्षणाचा कोन मात्र तेलकट आट्यांतही त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणजे नुसत्या ओढीने नट उलटा फिरणं शक्य नाही. जर्मन अभियंते गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवलं की खरा शत्रू आडवी हालचाल आहे. किंचित उतरत्या फळीवर खोकं ठेवा, ते जागचं हलत नाही. त्याला बाजूला ढकला, की सरकता सरकता ते उताराकडेही खाली येतं. आट्यांत हेच होतं. हब शाफ्टवर आडवा सरकला की घर्षण त्या सरकण्यात खर्ची पडतं आणि नट उताराने सुटायला लागतो. म्हणून नटाच्या आधी हबचं फिट बघा. हबचं भोक (बोअर) सैल असेल किंवा हब शाफ्टवर फिरू नये म्हणून बसवलेल्या चावीत खेळ असेल तर लॉक नटाला पडू देणार नाही, पण गेलेला आवळ परत आणणार नाही. मशीनला तो आवळ हवा असतो.

तुमच्या कामाला मी चिरलेला नट घेईन. जाड गोल नट घ्यायचा, बाहेरच्या तोंडापासून थोडं आत, अक्षाला आडवी अशी स्लिटिंग कटरने अर्ध्याच्या पुढे चीर मारायची. बाहेरच्या बाजूला जी पातळ जीभ राहते ती दोन छोट्या अॅलन स्क्रूंनी नटाच्या अंगाकडे ओढायची. जीभ आट्यांच्या एका बाजूला टेकते, अंग दुसऱ्या बाजूला, आणि शाफ्टचे आटे मध्ये धरले जातात. स्क्रू सोडले की नट हाताने फिरतो.

जीभ हबच्या विरुद्ध बाजूलाच हवी. तशी असली की स्क्रू आवळताना नटाचं अंग आट्यांच्या ज्या बाजूला आधीच टेकलेलं आहे तिथेच आणखी दाबलं जातं. ती हबच्या बाजूला ठेवली तर लॉक लावता लावता आवळ कमी होतो.

आता जिभेची जाडी. इथे मी स्वतः चुकलो होतो. दणकट असावी म्हणून पहिल्या नटाला ईएन८ या मध्यम कार्बनच्या पोलादात ६ मिमी जीभ ठेवली. पहिल्यांदा उत्तम बसला. तिसऱ्यांदा खोलल्यावर स्क्रू पूर्ण सैल असूनही तो शाफ्टवर चढेना. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला तर २ मिमीची चीर १.८५ वर आली होती. जीभ वाकून तशीच बसली होती. मग हिशोब मांडला. या मापाच्या ६एच/६जी (नट आणि शाफ्टच्या आट्यांची नेहमीची टॉलरन्स) आट्यांत अक्षाच्या दिशेचा खेळ जास्तीत जास्त ०.२२ मिमीच्या आसपास असू शकतो, आणि पकडायच्या आधी जिभेला तेवढं वाकावंच लागतं. बिजागरीपासून, म्हणजे जीभ अंगाला जोडलेली असते तिथून, स्क्रूपर्यंत ३० मिमी धरले, तर ६ मिमी जाड जिभेत ढोबळमानाने ४५० मेगापास्कल ताण येतो, ४ मिमीच्या जिभेत ३००. तेवढंच वाकवायचं असेल तर जाड जीभ आधी कायमची वाकते. तेव्हा जीभ पातळ ठेवा, पोलाद म्हणून हार्डन-टेंपर केलेलं, म्हणजे तापवून कडक आणि चिवट केलेलं, ईएन१९ हे मिश्र पोलाद घ्या आणि आटे जरा घट्ट टॉलरन्समध्ये काढा. या तिन्ही गोष्टी केल्या की जीभ स्प्रिंगसारखी परत येते, आणि मग शंभर वेळांचीही चिंता राहत नाही.

चिरेच्या टोकाला आधी ४ मिमीचं भोक पाडा, नाहीतर कोपऱ्यातून तडा जातो. आटे आधी, चीर नंतर. चिरल्यावर आट्यांत आतल्या बाजूला बर (कापल्यावर उरलेली धातूची धारदार किनार) लोंबते, ती सुईकानशीने एकेक आटा बघून काढा. ती राहिली तर पहिल्याच फेरीत शाफ्ट ओरबाडते.

चिरेला जागा नसेल तर पितळेच्या पिना. ग्रब स्क्रूने आटे चेपतात कारण त्याचं टोक आट्यांच्या शेंड्यावर बसतं. नटात १२० अंशांवर तीन भोकं पाडा, त्यांत पितळेचे तुकडे घालून मागून ग्रब स्क्रूने घट्ट धरा आणि मग लेथवर आटे काढा. पितळेच्या तोंडावरही तेच आटे उमटतात, आणि दाब शेंड्याऐवजी बाजूंवर पसरतो. भोकं आट्याच्या बाजूला समांतर, म्हणजे ३० अंश तिरकी असतील तर अक्षाचा भार पिनांवर येत नाही. बेअरिंगचे अचूक लॉकनट याच तत्त्वावर बनतात. नट काढताना ग्रब स्क्रू अर्धा फेराच सोडायचा, जास्त सोडला तर तुकडा आत फिरतो आणि त्याचे आटे जुळत नाहीत.

स्प्रिंग वायसर विसरा, पूर्ण आवळल्यावर तो सपाट होतो आणि साध्या वायसरसारखाच उरतो. दोन नट लावायचे तर पातळ नट आत आणि जाड बाहेर, बहुतेक जण नेमकं उलटं लावतात. पाचर-वायसरच्या (एकमेकांवर बसणाऱ्या उतरत्या पृष्ठांच्या) जोड्या चांगल्या, पण त्यांचे दाते हबच्या तोंडावर खुणा पाडतात. कटर उडाल्यास कुणाला इजा होणार असेल तर यापैकी कशावरही एकट्यावर विसंबू नका. कॅसल नट (वर खाचा असलेला) आणि त्या खाचेतून शाफ्टच्या भोकात जाणारी, दरवेळी नवीन स्प्लिट पिन, किंवा तसाच दुसरा स्वतंत्र अडसर हवाच.

नट तयार झाला की वीस वेळा लावा-काढा. दरवेळी तेच वंगण, तोच टॉर्क. स्क्रू सैल असताना नट हाताने फिरतो का आणि चीर किती मिमी आहे, हे दरवेळी लिहून ठेवा. चीर पहिल्या दोन-तीन वेळांत किंचित बदलून थांबली तर ठीक. विसाव्या वेळीही ती कमी होतच असेल तर तो नट मशीनवर चढवू नका, जीभ आणखी अर्धा मिमी उतरवून पुन्हा बघा.